प्रत्येक फॉर्मला वेगळा पत्ता: दोन वर्षं सिंपललॉगिन वापरल्यावर

एका सकाळी कर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं. मी कर्ज मागितलंच नव्हतं. अशी पत्रं सगळ्यांनाच येतात आणि आपण ती न उघडता काढून टाकतो. त्या दिवशी मात्र माझी नजर मजकुराआधी ‘प्रति’च्या रकान्यावर गेली. तिथे माझा नेहमीचा ईमेल पत्ता नव्हता. ‘शब्दसूची’, मग टिंब, मग अर्थ नसलेली पाचसहा अक्षरं, असा एक पत्ता होता. हा पत्ता मी आजवर एकाच ठिकाणी दिला होता: पारिभाषिक शब्द शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळाला, पंधरा दिवस मोफत वापरून बघण्यासाठी. ते पंधरा दिवस संपल्यावर मी तिकडे फिरकलेही नव्हते. माझा पत्ता कुठून बाहेर गेला, हे आयुष्यात पहिल्यांदा मला नक्की कळलं.

मी मुद्रितशोधक आहे. चूक कुठल्या प्रुफात शिरली हे शोधण्यात माझे दिवस जातात. पहिल्या प्रुफात नव्हती आणि दुसऱ्यात दिसली, तर ती दुरुस्त्या करताना आली, इतका सरळ हिशेब असतो. ईमेलच्या बाबतीत हा हिशेब मला कधीच लावता आला नव्हता, कारण चौदा वर्षं एकच पत्ता मी शंभरेक ठिकाणी दिलेला होता. तो कोणी गळू दिला, कोणी विकला, कोणी नुसता निष्काळजीपणे पुढे ढकलला, काही समजायला मार्ग नव्हता. सिंपललॉगिनने मला तो मार्ग दिला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सिंपललॉगिन ही टोपणपत्ते देणारी सेवा आहे. जाणकार लोक ‘एलियास’ म्हणतात, मला टोपणपत्ता हा शब्द बरा वाटतो. कुठल्याही नव्या सेवेत नाव नोंदवताना तुम्ही एक नवा पत्ता तयार करता आणि तो तिथे देता. त्या पत्त्यावर आलेलं पत्र आधी सिंपललॉगिनच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून तुमच्या खऱ्या पेटीत येऊन पडतं. तुम्ही उत्तर दिलं तर तेही त्याच वाटेने, टोपणपत्त्याच्या नावाने जातं. समोरच्याला तुमचा खरा पत्ता दिसत नाही. एखादा टोपणपत्ता नकोसा झाला की त्याच्यापुढचं बटण बंद करायचं, त्यावर येणारी पत्रं तिथेच अडतात. बाकीचे पत्ते जसेच्या तसे चालू राहतात. सेवेचा कोड खुला आहे, कोणालाही तो वाचता येतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन कंपनीने ही सेवा आपल्याकडे घेतली. प्रोटॉन मेल चालवणारी तीच ही कंपनी.

मोफत खात्यात दहा टोपणपत्ते मिळतात. ते फार लवकर संपतात. मला ते तीन आठवडे पुरले आणि मग मी वार्षिक वर्गणी भरली. त्यात पत्त्यांना मर्यादा नाही आणि स्वतःच्या मालकीचं डोमेनही, म्हणजे पत्त्यातला ॲटपुढचा भागही, जोडता येतं. आज माझ्या यादीत एकशे सव्वीस टोपणपत्ते आहेत.

याआधी मी जीमेलमधली अधिकचिन्हाची युक्ती वापरायचे. आपल्या नावापुढे अधिकचिन्ह आणि त्यापुढे हवा तो शब्द लिहिला तरी पत्र आपल्याच पेटीत येतं, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. युक्ती चांगली आहे, पण तिच्यात खरा पत्ता झाकलेलाच नसतो. अधिकचिन्हापासून ॲटपर्यंतचा भाग खोडला की मूळ पत्ता समोर उघडा पडतो, आणि हे खोडायला एक ओळीचा कोड पुरतो. जाहिरात क्षेत्रात युनिफाइड आयडी २.० नावाची एक पद्धत आहे. तिच्यात ईमेल पत्त्यावरून माणसाची ओळख जुळवली जाते आणि जीमेलच्या पत्त्यातली टिंबं व अधिकचिन्हापुढचा मजकूर आधी काढून टाकायचा, असा नियमच त्यांच्या लिखित सूचनांत आहे. शिवाय कितीतरी फॉर्म अधिकचिन्ह दिसलं की ‘पत्ता चुकीचा आहे’ म्हणून अडून बसतात.

ईमेल पत्त्याचं इतकं महत्त्व का, हे मला उशिरा समजलं. आपण त्याच्याकडे निरोप पोचवायची सोय म्हणून बघतो. माहितीचा धंदा करणारे मात्र त्याच्याकडे सुईदोऱ्यासारखं बघतात. एका ठिकाणी मी फक्त नाव दिलं, दुसऱ्या ठिकाणी जन्मतारीख, तिसऱ्या ठिकाणी फोन नंबर. ही तिन्ही ठिकाणं एकमेकांना ओळखतही नसतील, पण तिन्ही याद्यांमध्ये तोच ईमेल पत्ता असेल तर कोणीही त्या एकत्र शिवू शकतं. पत्ता सांकेतिक रूपात बदलून, म्हणजे हॅश करून दिला तरी फरक पडत नाही. त्याच पत्त्याचा हॅश सगळीकडे तोच येतो. प्रत्येक ठिकाणी पत्ता वेगळा असेल तर निदान हा दोरा तुटतो.

आणि याद्या बाहेर पडतातच. ऑक्टोबर २०१३ मध्ये फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबी कंपनीची माहिती बाहेर पडली तेव्हा सुमारे १५.३ कोटी खात्यांच्या नोंदी उघड झाल्या. त्यांत लोकांनी पासवर्ड आठवावा म्हणून लिहिलेल्या खुणा कसलंही कुलूप नसलेल्या साध्या अक्षरांत होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे आपला पत्ता टाकला की तो कुठल्या कुठल्या गळतीत सापडला आहे ते कळतं. माझा चौदा वर्षांचा पत्ता मी तिथे टाकला आणि पडद्यावर सहा नोंदी आल्या. त्यांतली दोन ठिकाणं मला आठवेनात. आपण कधी तिथे गेलो होतो, काय भरलं होतं, काहीच डोळ्यांपुढे येईना. पोटात गोळा आला तो त्याचा. सिंपललॉगिन मी त्याच आठवड्यात घेतलं.

आता रोजच्या वापराबद्दल. ब्राउझरमध्ये त्यांचं एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोडकार्यक्रम, टाकलं की ईमेलच्या चौकटीत उजव्या कडेला एक छोटं चिन्ह दिसू लागतं. त्यावर दाबलं की नवा टोपणपत्ता तयार होऊन चौकटीत बसतो. मला तसा आपोआप झालेला पत्ता आवडत नाही. मी स्वतः शब्द निवडते, त्यापुढे ते आपलं अक्षरांचं शेपूट जोडतात. शेपटामुळे दुसऱ्या कोणाला माझा पत्ता अंदाजाने बनवता येत नाही. प्रत्येक पत्त्याखाली टीप लिहायला जागा आहे. तिथे मी तारीख लिहिते, कशासाठी नाव नोंदवलं ते लिहिते आणि त्या फॉर्मने काय काय मागितलं होतं तेही लिहिते. ही टीप लिहायची सवय मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. यादी उघडली की मी कोणाला काय देऊन ठेवलं आहे ते एका नजरेत कळतं. त्याच यादीत प्रत्येक पत्त्यापुढे किती पत्रं पुढे पाठवली, किती अडवली, किती उत्तरं गेली, असे तीन आकडे असतात.

शब्दसूचीच्या त्या प्रकरणाचं पुढे काय झालं ते सांगते. त्या संकेतस्थळाने दोन वर्षांपूर्वी पाठवलेलं स्वागताचं पत्र शोधलं आणि त्यालाच उत्तर लिहिलं. सरळ विचारलं, की हा पत्ता फक्त तुमच्याकडे आहे, तो कर्ज देणाऱ्यांकडे कसा गेला? उत्तर यायचं म्हणून टोपणपत्ता चालू ठेवावा लागला आणि त्या आठ दिवसांत त्यावर आणखी अकरा नकोशी पत्रं आली. नवव्या दिवशी उत्तर आलं. माणसं सौजन्याने बोलली. आम्ही माहिती विकत नाही, आमच्या धोरणात लिहिल्याप्रमाणे निवडक भागीदारांना देतो, आणि नोंदणीच्या वेळी आपण तशी संमती दिली आहे, असं त्यांनी कळवलं. मी धोरण उघडून वाचलं. भागीदारांचा उल्लेख सातव्या परिच्छेदात होता. संमतीची चौकट मी कधी खूण करून भरली ते मला आठवत नव्हतं, म्हणून नोंदणीचं पान नव्याने उघडून पाहिलं. खूण आधीपासूनच केलेली होती. ती काढायची असते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एवढ्यातेवढ्या स्वल्पविरामावर बोट ठेवणारी मी, आणि ती चौकट माझ्या नजरेतून सुटली होती. खातं काढून टाकायची विनंती केली, ते काढल्याचं पत्र आलं, आणि मग टोपणपत्ता बंद केला. आज त्याच्यापुढे ‘अडवली’च्या रकान्यात ३४२ हा आकडा आहे. ती सगळी पत्रं माझ्या खऱ्या पत्त्यावर आली असती.

सेवेच्या मर्यादा आहेत आणि त्या नीट समजून घ्यायला हव्यात. काही संकेतस्थळं टोपणपत्त्यांची डोमेनं ओळखून नोंदणीच नाकारतात. अशा वेळी यादीतलं दुसरं डोमेन निवडून बघता येतं, ते नेहमी चालेलच असं नाही. स्वतःचं डोमेन जोडलं तर ही अडचण जवळपास राहत नाही, पण मग त्या डोमेनवर दुसरं कोणीच नसल्यामुळे सगळे पत्ते एकाच माणसाचे आहेत हे उघड होतं. मी दोन्ही ठेवले आहेत. महत्त्वाच्या कामांना माझं डोमेन, बाकी सगळीकडे त्यांचं.

दुसरी गोष्ट, नवं पत्र आपण होऊन पाठवायचं असेल तर थोडी खटपट असते. आलेल्या पत्राला उत्तर देणं नेहमीसारखंच सोपं आहे. पण टोपणपत्त्यावरून कोणाला पहिलंच पत्र लिहायचं असेल तर आधी त्या व्यक्तीसाठी एक उलटा पत्ता तयार करावा लागतो आणि पत्र त्याच्यावर पाठवावं लागतं, मग ते टोपणपत्त्याच्या नावाने पुढे जातं. घाईत तुम्ही आपल्या खऱ्या पेटीतून थेट पत्र पाठवलंत तर खरा पत्ता उघड होतो. पत्राखाली आपोआप येणारी सही हीसुद्धा तपासा. तिच्यात फोन नंबर असेल तर टोपणपत्त्याचा उपयोग तिथेच संपला.

तिसरी मर्यादा सगळ्यांत गंभीर आहे. सगळी पत्रं एका मधल्या माणसाच्या हातून जाणार. सिंपललॉगिनच्या सर्व्हरवरून जाणारं पत्र तांत्रिकदृष्ट्या तिथे वाचता येणं शक्य असतं. वर्गणीच्या खात्यात पीजीपी कुलपाची, म्हणजे फक्त तुमच्या किल्लीने उघडेल अशा सांकेतिक रूपाची, सोय आहे, त्यामुळे पुढे पाठवलेलं पत्र तुमच्या पेटीत कुलूपबंद येतं, पण त्यांच्यापर्यंत येणारं पत्र उघडंच असतं. म्हणजे शेवटी विश्वास ठेवावाच लागतो. मी ठेवला आहे, कारण कोड खुला आहे आणि कंपनीचं उत्पन्न माझ्या वर्गणीतून येतं. पण बँकेचं आणि सरकारी कामांचं खातं मी टोपणपत्त्यावर नेलेलं नाही. उद्या ही सेवा बंद पडली, तर पासवर्ड बदलायचं पत्रसुद्धा येणार नाही अशी वेळ त्या खात्यांवर मला नको आहे. त्याच कारणाने दर दोन महिन्यांनी मी टोपणपत्त्यांची यादी उतरवून घेते. ती सोय त्यांनी दिली आहे. सिंपललॉगिनच्या खात्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक कोड मागण्याची सोय, लावणं तर अगदी पहिलं काम, कारण ते खातं कोणाच्या हाती गेलं तर एकशे सव्वीस दारांच्या किल्ल्या एकदम गेल्या.

आणि ही सेवा फक्त पत्ता झाकते. बाकीचा फॉर्म तुम्हालाच भरायचा असतो. परवा दोन पीडीएफ जोडण्यासाठी एका संकेतस्थळावर गेले तर त्यांनी आधी नाव नोंदवायला सांगितलं. सात चौकटी होत्या: नाव, आडनाव, ईमेल, फोन, जन्मतारीख, लिंग, व्यवसाय. दोन कागद एकत्र करायला माझी जन्मतारीख कशाला लागते? मी फक्त नाव आणि टोपणपत्ता लिहिला, बाकी सगळं रिकामं सोडलं आणि ‘पुढे’ दाबलं. आडनाव आणि जन्मतारखेच्या चौकटी लाल झाल्या, उरलेल्या तिन्ही निमूट पार पडल्या. माझी ही पद्धत ठरून गेली आहे: आधी रिकामं सोडून बघायचं. तारका असो वा नसो, खरोखर काय अनिवार्य आहे ते बटण दाबल्यावरच कळतं.

जन्मतारखेबाबत मी कडक झाले त्याला कारण आहे. लटान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ स्त्रीने २००० साली दाखवून दिलं, की पाच अंकी टपाल क्रमांक, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. त्यात नाव नाही, पत्ता नाही. कायद्याने जिथे खरी जन्मतारीख लागते, म्हणजे बँक, कर, विमा, दवाखाना, तिथे मी खरीच देते आणि सगळ्यांनी तशीच द्यावी. पीडीएफ जोडणाऱ्याला मी वर्ष खरं देते, म्हणजे वयाची अट असेल तर ती खोटी ठरत नाही, आणि तारीख १ जानेवारी. हे टिपेत लिहून ठेवावंच लागतं, कारण खातं परत मिळवताना तीच तारीख विचारली जाऊ शकते.

सुरक्षाप्रश्नांचंही तेच. सप्टेंबर २००८ मध्ये, अमेरिकेतल्या निवडणुकीच्या धामधुमीत, उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या याहू खात्यात एक विद्यार्थी शिरला तो याच वाटेने. पासवर्ड बदलताना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याने इंटरनेटवर सहज शोधून काढली होती. पतीची आणि तुमची पहिली भेट कुठे झाली, हा त्यांतला एक प्रश्न. माझ्या वडिलांचं एक खातं उघडून देत होते तेव्हा ‘पहिल्या शाळेचं नाव’ असा प्रश्न आला. बाबांनी लगेच खरं नाव सांगितलं. मी म्हटलं, “बाबा, हे तुमच्या सगळ्या वर्गमित्रांना माहीत आहे.” ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग काय लिहू? मला खोटं लिहायची सवय नाही.” त्यांना समजावलं, की हा प्रश्न माहितीसाठी विचारलेला नाही, हा दुसरा पासवर्ड आहे. ते पटलं. पासवर्ड व्यवस्थापकातून तयार झालेली सोळा अक्षरं आम्ही शाळेच्या नावाच्या जागी भरली आणि तिथेच जपून ठेवली. मी बिटवॉर्डन वापरते, तेही खुल्या कोडचं आहे. टोपणपत्ता, पासवर्ड आणि ही उत्तरं एकाच नोंदीत राहतात.

फोन नंबरसाठी मात्र माझ्याकडे असा इलाज नाही. टोपण नंबर देणाऱ्या सेवा काही देशांपुरत्याच आहेत आणि सिंपललॉगिनमध्ये ती सोयच नाही. सुरक्षेसाठी म्हणून दिलेला नंबरही सुरक्षित राहतोच असं नाही. मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, ट्विटरवर केलेली कारवाई याच कारणासाठी होती. खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले फोन नंबर आणि ईमेल पत्ते जाहिराती दाखवायला वापरले होते आणि ट्विटरने १५ कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. म्हणून दुहेरी पडताळणीसाठी पर्याय असेल तिथे मी नंबर न देता ॲपमधला सहा अंकी कोड निवडते. तो फोनमध्येच तयार होतो, दर तीस सेकंदांनी बदलतो, आणि त्याला नेटवर्कही लागत नाही.

दुसऱ्या सेवांशी तुलना थोडक्यात. मोझिलाची फायरफॉक्स रिले सुरू करायला सर्वांत सोपी आहे, मोफत पाच पत्ते देते. डकडकगोची सेवा मोफत आहे आणि पत्रात लपवलेले माग काढणारे तुकडे काढून टाकून पत्र पुढे पाठवते, हे मला फार आवडलं. ॲपलची ‘हाइड माय ईमेल’ ही ज्यांच्याकडे सगळी उपकरणं ॲपलचीच आहेत त्यांच्यासाठी सोयीची. मी सिंपललॉगिनवर राहिले ते टिपेची जागा, स्वतःचं डोमेन आणि यादी बाहेर नेण्याची मुभा यांमुळे.

सुरुवात करणाऱ्यांनी जुनी सगळी खाती एका दिवसात बदलायला बसू नये. मी बसले होते, अकराव्या खात्यापाशी दमले आणि एका ठिकाणी पत्ता बदलताना पुष्टीचं पत्र न आल्याने बाहेरच अडकले. नंतर क्रम बदलला. नवीन नोंदणी असेल ती टोपणपत्त्यावरच करायची. जुन्या खात्यातून एखादं पत्र आलं की त्याच वेळी ते खातं तरी बंद करायचं, नाहीतर त्याचा पत्ता बदलायचा. असं करत दोन वर्षांत साठ जुनी खाती बंद झाली. चौदा वर्षांच्या त्या पत्त्यावर आता बँक, कराची नोटीस आणि मावशीने पाठवलेले फोटो एवढंच येतं. ते दोन अनोळखी ठिकाणांचे फॉर्म मात्र अजून आठवलेले नाहीत. ‘हॅव आय बीन पोन्ड’वर त्यांच्या नोंदीत नाव, पत्ता आणि जन्मतारीख बाहेर पडल्याचं लिहिलेलं आहे, आणि त्यापुढे माझ्या टिपेत फक्त प्रश्नचिन्ह आहे.